बारा चिठ्ठ्यांचं वाचन : सात जमल्या, पाच अडल्यात. सुचवा!

पायरीवरची | ४ जानेवारी, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षीपर्यंत मी आकड्यावर वाचायचे. गुडरीड्सवर जानेवारीत ‘पन्नास’ टाकायचे आणि डिसेंबर लागला की पातळ पातळ पुस्तकं हुडकायची. ३१ तारखेला आकडा भरायचा, पण मार्चमध्ये काय वाचलं असं कुणी विचारलं तर तोंड पाहत राहायचे. म्हणून यंदा आमच्या रंकाळ्यावरच्या कट्ट्यानं दुसरी टूम काढली. आम्ही सहाजण. प्रत्येकानं दोन चिठ्ठ्या लिहायच्या. चिठ्ठीत पुस्तकाचं नाव लिहायचं नाही, पुस्तक कसं असावं एवढंच लिहायचं. बारा चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात टाकल्या, त्या बारा सगळ्यांनाच लागू.

नियम तीन. विकत घ्यायचं नाही. ग्रंथालयातून, घरच्या कपाटातून किंवा मागून आणायचं. आधी वाचलेलं चालणार नाही. एक पुस्तक एकाच चिठ्ठीला. वर्षअखेरीला ज्याच्या चिठ्ठ्या जास्त कोऱ्या राहतील त्यानं खासबागेत सगळ्यांना भेळ घालायची.

माझ्या सात जमल्यात. ‘कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या लेखकाचं’ या चिठ्ठीला कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’. ‘आपल्या जन्मवर्षी पहिल्यांदा छापलेलं’ला ‘उचल्या’ (१९८७, घ्या, वय कळलं). ‘१५० पानांच्या आत’ला पानसऱ्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ ‘५०० पानांच्या वर’ला ‘श्रीमान योगी’, हजाराच्या वर पानं आहेत, उन्हाळ्याची सुट्टी त्यातच जाणार. ‘बाईचं आत्मचरित्र’ला माधवी देसाईंचं ‘नाच गं घुमा’. ‘घरात पडून आहे पण उघडलेलं नाही’ला ‘एक होता कार्व्हर’. सातवीत बक्षीस मिळालं होतं, आत मुख्याध्यापिकाबाईंची सही आहे, आणि लोकांना मात्र मी आजवर छातीठोक सांगत आले की वाचलंय. बारावी चिठ्ठी आमच्यातल्या निवृत्त एसटी कंडक्टर काकांची, तीच सगळ्यांना झोंबली : ‘न वाचताच ज्याला नावं ठेवली असं पुस्तक’. तिथं मी मुकाट्यानं नेमाड्यांचं ‘हिंदू’ लिहिलं.

अडलेल्या पाच अशा. शेजारच्या भाषेतून मराठीत आलेलं. वाचायचं नाटक. कवितासंग्रह (माझी कविता शाळेतच सुटली). ‘हाताचं काम’ असलेलं, म्हणजे ज्यात माणूस काहीतरी हातानं करतो आणि ते कसं करायचं हेही कळतं. आणि अकरावी : ग्रंथालयातलं असं पुस्तक, ज्याच्या मागच्या कागदावर शेवटचा शिक्का दहा वर्षांपूर्वीचा आहे.

या अकरावीचं नेटवर शोधून काही होत नाही. सुचवा.

---

फौंड्रीवाला | ४ जानेवारी, रात्री ११:४५

काय ताई, नाद खुळा धागा काढलाय. आधी एक सांगा, ऐकल्यालं पुस्तक धरताय का न्हाई? माझी शिरोलीत शिफ्ट असती. यायला-जायला पाऊण तास, कानात स्टोरीटेल. ‘मृत्युंजय’ मी असंच सपवलं. सांगलीचा एक दोस्त म्हणतोय हे काय वाचन न्हवं. आता त्यातला एक एक प्रसंग मला पाठ हाय, तर मग मी काय केलं म्हणायचं?

---

पायरीवरची | ५ जानेवारी, सकाळी ९:०२

@फौंड्रीवाला, आमच्या कट्ट्यावर यावरून अर्धा तास वाजलं. शेवटी ठरलं की ऐकलेलं चालेल, पण कवितासंग्रह आणि नाटक या दोन चिठ्ठ्यांना नाही. ते डोळ्यांनीच वाचायचं. का ते विचारू नका, कंडक्टर काकांचा निकाल आहे आणि त्यावर अपील नाही.

---

सनावळी | ५ जानेवारी, सकाळी ११:२०

जन्मवर्षाची चिठ्ठी फार आवडली. यात लोक हमखास फसतात ते आवृत्तीवरून. हातातल्या प्रतीवर जे साल ठळक दिसतं ते बऱ्याचदा पुनर्मुद्रणाचं असतं. नामपृष्ठ उलटायचं, मागच्या बाजूला ‘पहिली आवृत्ती’ ही ओळ शोधायची. जुन्या पुस्तकांत शके दिलेलं असतं, त्यात ७८ मिळवायचे. पौष, माघ किंवा फाल्गुन लिहिलेला असेल तर बहुतेक वेळा ७९.

इथल्या मंडळींची सोय म्हणून, आठवतील तशी : १९५५ ‘बनगरवाडी’, १९५९ ‘ययाति’, १९६२ ‘स्वामी’, १९६३ ‘कोसला’, १९६७ ‘मृत्युंजय’, १९७८ ‘बलुतं’, १९७९ ‘छावा’, १९८० ‘उपरा’, १९८८ ‘पानिपत’. ताई, तुमच्या १९८७ ला ‘झोंबी’सुद्धा बसतं. ते का सोडलंत?

---

पायरीवरची | ५ जानेवारी, दुपारी १:३०

@सनावळी, सोडलं नाही हो, दोनदा वाचून झालंय. माझं आजोळ कागलचं. आनंद यादवांच्या त्या विहिरी, ते मळे, ती मोट आमच्या आजीच्या तोंडून आधी ऐकलेली आणि पुस्तकात नंतर भेटलेली. आधी वाचलेलं चालत नाही या नियमानं माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथंच झालं.

---

चंदगडी | ५ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

‘कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या’ आणि ‘कोल्हापुरात राहिलेल्या’ यात तुम्ही फरक केलात हे बरं झालं. आमच्या वाचनालयात याच्यावरून भांडण झालं होतं. एकानं खांडेकर लिहिले. खांडेकर जन्मले सांगलीत, मास्तरकी केली शिरोड्याला, मग आले कोल्हापूरला आणि इथलेच झाले. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते १९७४ चं, त्यांच्या ‘ययाति’ला. पण चिठ्ठीत ‘जन्मलेल्या’ असेल तर खांडेकर बाद. समोरचा इतका चिडला की म्हणाला, मग चिठ्ठीच बाद करा.

शिवाजी सावंत आजऱ्याचे, तेव्हा ते बसतात. विश्वास पाटील नेर्ल्याचे, तेही बसतात. रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले, त्यांना तर हात लावायचं काम नाही.

शेजारच्या भाषेचं म्हणाल तर आम्हाला दोन शेजार, एकीकडे कन्नड आणि घाट उतरला की कोकणी. कन्नडातून घ्या. उमा कुलकर्णींनी केलेलं शिवराम कारंतांचं ‘डोंगराएवढा’ घ्या. भैरप्पांचं ‘पर्व’ सगळेच सुचवतील, पण तुमच्या ताटात आधीच ‘श्रीमान योगी’ आणि ‘हिंदू’ आहेत, आणखी एक धोंडा कशाला?

---

पुण्यातला_मंगळवारपेठकर | ५ जानेवारी, रात्री १०:०५

+१ ‘डोंगराएवढा’ला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

उमाताईंचंच ‘संवादु अनुवादु’ या चिठ्ठीत बसवता येईल का असं लिहिणार होतो, पण ते अनुवादित नाही, अनुवाद करणाऱ्या बाईचं आत्मचरित्र आहे. म्हणजे तुमच्या ‘बाईचं आत्मचरित्र’ या चिठ्ठीत जाईल. चिठ्ठ्यांच्या नादात माणूस कसा शब्दांकडे नीट बघायला लागतो बघा.

(मी पुण्यात आहे म्हणून इथं कुणी टोमणे मारू नयेत. मिसळ खायला दर महिन्याला येतो.)

---

फौंड्रीवाला | ५ जानेवारी, रात्री ११:५०

दर म्हैन्याला येतोयस आन् परत जातोयस, ह्योच तर टोमणा हाय.

---

तटस्थ | ६ जानेवारी, सकाळी ८:४०

क्षमस्व, पण मला हा सगळा प्रकार पोरकट वाटतो. वाचन ही काय खासबागेतली कुस्ती आहे? माणसानं त्याला हवं ते वाचावं. चिठ्ठीत बसतं म्हणून पुस्तक वाचणं म्हणजे चप्पल मिळाली म्हणून पाय कापून घेणं. खरा वाचक एका पुस्तकातून दुसऱ्यात जातो, त्याला डबे आणि चिठ्ठ्या लागत नाहीत.

---

पायरीवरची | ६ जानेवारी, सकाळी १०:१०

@तटस्थ, तुमचं निम्मं पटलं. पुस्तक चिठ्ठीत कोंबायचं म्हटलं की तो खेळ पोरकटच होतो. ‘हे पुस्तक निळ्या मुखपृष्ठाचं आहे का’ असल्या याद्या मीही पाहिल्यात. पण हवं ते वाचत गेल्यावर माझं काय झालं ते सांगते. गेली पाच वर्षं मी एकाच कपाटासमोर उभी राहत होते. ऐतिहासिक कादंबरी, ग्रामीण कादंबरी, परत ऐतिहासिक. हवं ते म्हणजे सवयीचं. नाटकाच्या कपाटाकडे मी कधी वळलेच नव्हते. ते कुठं आहे हेही मला चिठ्ठी आल्यावर कळलं, अगदी मागं, खिडकीजवळ.

---

सनावळी | ६ जानेवारी, दुपारी १२:३०

तटस्थराव, कोल्हापुरात वाचनाला सोबत लागत नाही हे मात्र इतिहासाला धरून नाही. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही आधीचं. संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला तसला पहिला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ साली आला. एकेकट्यानं हवं ते वाचावं एवढंच असतं तर राज्याला कायदा करायची गरजच पडली नसती.

आणि आकडेच हवे असतील तर हे घ्या. साहित्य अकादमी मिळालेली आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांची पुस्तकं : ‘स्वामी’ १९६४, ‘झोंबी’ १९९०, ‘झाडाझडती’ १९९२, ‘तणकट’ २००१, किरण गुरवांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ २०२१, ‘रिंगाण’ २०२३. शेवटची दोन तर तीन वर्षांच्या आत.

---

पुण्यातला_मंगळवारपेठकर | ६ जानेवारी, दुपारी १:१५

ही यादी बघताना एक गंमत लक्षात आली. स्वामी, झोंबी, तणकट, रिंगाण. त्यात मृत्युंजय, छावा, पानिपत, नटरंग, गोतावळा, टारफुला, रौंदाळा घाला. कोल्हापूरच्या लेखकाला पुस्तकाच्या नावासाठी एकच शब्द पुरतो. किरण गुरवांनी तीन शब्द वापरले, बहुतेक त्यांची डायरी म्हणून.

---

फौंड्रीवाला | ६ जानेवारी, रात्री ११:३०

आम्ही बोलायला लागलो की थांबत न्हाई, म्हणून नावं तरी बारकी ठेवत्यात.

ताई, हाताच्या कामाच्या चिठ्ठीला माझं ऐका. अनिल अवचटांचं ‘छंदांविषयी’. कागदाच्या घड्या, लाकडातलं कोरीव काम, सगळं सवता करून बघून लिहिलंय त्या माणसानं. मी साच्याचं काम करतो. वाळूत साचा बसवायचा, त्यात रस वतायचा. वाळू जरा वली ऱ्हायली की कास्टिंगला भोकं पडत्यात, जरा कोरडी झाली की साच्याची कड ढासळती. हे मी कुणालाबी तोंडानं सांगून समजवू शकत न्हाई, हातात वाळू धरून दाबूनच दावाय लागतं. म्हणून हाताचं काम कागदावर समजंल असं कुणी लिहिलं की मला लई नवल वाटतं.

---

राधानगरीच्या_बाई | ७ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

हाताच्या कामाला ‘रुचिरा’ का नको? कमलाबाई ओगल्यांचं. पाककृतीचं पुस्तक कुणी सलग वाचत नाही हे खरं, पण एकदा कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचून बघा. सगळी मापं वाटी आणि चमच्याची. घरात वजनकाटा नाही, पण वाटी आहे, हे धरून बाईंनी लिहिलंय. लग्न होऊन मी राधानगरीच्या आडबाजूच्या गावात बदलीवर आले तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन पुस्तकं होती. त्यातलं एक हे. हळदीच्या डागांवरून आजही सांगता येईल कुठलं पान किती वेळा उघडलंय.

आमच्या शाळेत मी मुलांसाठी अशाच चिठ्ठ्या केल्या, पण सहाच. ‘ज्यात आजी आहे असं’, ‘ज्यात प्राणी बोलतो असं’, ‘मोठ्यांदा वाचून दाखवावं असं’. तिसरीतल्या एका पोरीनं आजीच्या चिठ्ठीला माधुरी पुरंदऱ्यांचं पुस्तक आणलं आणि विचारलं, “बाई, ह्यातली आजी बारीक हाय, माझी जाडी हाय, चालंल का?” चाललं.

---

पायरीवरची | ७ जानेवारी, रात्री ८:४५

बाई, कबूल. ‘रुचिरा’ घरात आहे, पण मी ते ‘वाचलेलं’ कधीच नाही, फक्त चिरोट्याचं पान उघडलंय. तरी नियमाप्रमाणे आधी उघडलेलं म्हणून कंडक्टर काका हरकत घेतील. सध्या ‘छंदांविषयी’ पुढे आहे.

नाटकाचं कुणी बोलेना?

---

केशवरावच्या_बाल्कनीतला | ८ जानेवारी, सकाळी ७:५०

नाटक वाचायला लोक घाबरतात कारण पात्रांची नावं आणि कंसातल्या सूचना यांनीच दम लागतो. युक्ती सांगतो. पहिल्यांदा कंस सोडून नुसती वाक्यं वाचायची, सरळ. दुसऱ्यांदा कंसांसकट. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ असं वाचलंत तर त्या घरातल्या खोल्या तुम्हाला अंधारातसुद्धा सापडतील.

पण कोल्हापूरकर म्हणून मी तुम्हाला खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ वाचायला सांगेन. १९११ चं नाटक. पुढे १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि आपले केशवराव भोसले एका रंगमंचावर आले ते याच नाटकात, केशवराव धैर्यधर झाले होते. पदं ऐकलेली असतात सगळ्यांनी, पण दोन पदांच्या मधलं गद्य कुणाला ठाऊक असतं? वाचताना कळतं की नाटक मधल्या गद्यात किती मिश्कील आहे.

केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह जळालं ती रात्र ८ ऑगस्ट २०२४ ची. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी आणि माझा भाऊ खाऊगल्लीच्या तोंडाशी उभे होतो, पुढं जाऊ देत नव्हते. आसपास म्हातारी माणसं रडत होती. त्या आठवड्यात मी ‘मानापमान’ची घरातली प्रत काढली. बघायची सोय उरली नव्हती, म्हणून वाचलं. तुमची चिठ्ठी तेव्हा असती तर मला तिची गरज पडली नसती.

---

तटस्थ | ८ जानेवारी, सकाळी ९:१५

वरचा प्रतिसाद वाचून दोन दिवसांपूर्वीचं माझं विधान थोडं सौम्य करतो. थोडंच.

---

कुंभारगल्ली | ८ जानेवारी, रात्री ९:३०

‘घरात पडून असलेलं’ या चिठ्ठीवर लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो.

आमचं घर शाहूपुरीत. २०१९ च्या ऑगस्टात पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही गॅसची टाकी, कागदपत्रं आणि आजीला वर नेलं. पुस्तकांचं कपाट खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर उघडलं तर खालचे दोन खण चिखलानं भरलेले. तेव्हा कळलं की सगळी पुस्तकं सारखी भिजत नाहीत. गुळगुळीत कागदाची, चित्रांची जी होती ती वाळता वाळता आतून चिकटून वीट झाली, पान सोडवायला गेलं की छपाईच निघून यायची. जुनी, खरखरीत पिवळ्या कागदाची पुस्तकं फुगली, वाकडी झाली, पण उघडली. आम्ही दर आठ-दहा पानांमागं वर्तमानपत्राचा तुकडा घालून पंख्याखाली उभी ठेवली, दिवसातून दोनदा तुकडे बदलले. उन्हात ठेवली असती तर तडकली असती, हे शेजारच्या प्रेसवाल्या काकांनी वेळेवर सांगितलं.

२०२१ ला परत पाणी आलं, पण तोवर सगळी पुस्तकं माळ्यावर गेली होती. आजही त्या पुस्तकांच्या कडेला एक तपकिरी रेघ आहे, किती पाणी चढलं ती. सात-आठ पुस्तकं वाचली (जगली या अर्थानं). त्यातलं एकही मी वाचलेलं (वाचलं या अर्थानं) नाही. तुमचा धागा बघून यंदा एक एक काढायचं ठरवलंय. तुमच्या चिठ्ठ्यांत मी एक तेरावी घालतो : पुराचं पाणी लागलेलं पुस्तक.

---

पुण्यातला_मंगळवारपेठकर | ८ जानेवारी, रात्री १०:४०

कुंभारगल्ली, तुमच्या प्रतिसादावर विनोद करणार नाही, पण तुमची तेरावी आणि ताईंची कवितेची, दोन्ही चिठ्ठ्यांना एकच नाव डोक्यात आलं. अरुण कोलटकर, ‘भिजकी वही’. कोलटकर जन्मानं कोल्हापूरचे, १९३२ चे. लोकांना ‘जेजुरी’ माहीत असते. ही वही २००३ ची आणि तिला अकादमी मिळाली २००५ मध्ये, ते गेल्यानंतर. जगभरातल्या, पुराणांतल्या आणि वर्तमानपत्रांतल्या रडणाऱ्या बायका तिच्यात आहेत.

जाडजूड आहे. सलग वाचू नका. रात्री एक कविता, बास.

---

पायरीवरची | ९ जानेवारी, सकाळी ७:३०

कवितेची चिठ्ठी मिटली. @कुंभारगल्ली, तेरावी चिठ्ठी मी डब्यात टाकतेय, कट्ट्याला न विचारता.

उरली अकरावी.

---

चंदगडी | ९ जानेवारी, सकाळी ९:००

अकरावी सगळ्यात सोपी. ग्रंथालयात जायचं आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणापाशी बसायचं. वाकायला लागतं म्हणून तिथली पुस्तकं कुणी नेत नाही. हे मी चेष्टेत म्हणत नाही, आमच्या वाचनालयात खालच्या खणात ‘क’पासूनचे सगळे कवी पडलेत.

---

फौंड्रीवाला | १० जानेवारी, रात्री ११:५५

एक अडचण सांगतो. मी पयलं ज्या वाचनालयात जायचो तिथं आता सगळं कंप्युटरवर. मागचा कागदच फाडून टाकल्यात. शिक्का कुठनं बघायचा? काउंटरवरच्या पोराला विचारलं, दहा वर्षांत कुणी न नेल्याल्या पुस्तकांची यादी काढून दे, तर म्हणला असली यादी कशाला पायजे, रद्दीला काढायची हाय का? म्हटलं न्हाई बाबा, वाचायची हाय. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच रद्दीतनं आलोय.

---

पायरीवरची | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

धागा वर आणते, कारण अकरावी सापडली.

तीन शनिवार गेले. आमच्या ग्रंथालयात अजून मागच्या आतल्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असतो. जांभळे शिक्के, काही तिरके, काही एकावर एक. चंदगडींनी सांगितल्याप्रमाणे खालच्या खणापाशी फतकल मारून बसले. तिथल्या मावशींनी आधी हटकलं, मग पाट आणून दिला.

पहिल्या शनिवारी लक्षात आलं की कागद वाचता येतो, गोष्टीसारखा. एका पुस्तकावर मे महिन्याचे शिक्के दाटीनं, म्हणजे सुट्टीतलं पुस्तक. एकावर चार महिने ओळीनं पंधरा-पंधरा दिवसांनी शिक्का, कुणीतरी एकच माणूस परत परत नवं करून घेत होता, मग अचानक थांबलं. एकावर एकही शिक्का नाही, पण शेवटच्या पानावर पेन्सिलीत ‘उत्तम’ लिहिलेलं. न नेता इथंच बसून वाचलं असणार कुणीतरी.

तिसऱ्या शनिवारी हातात आलं शंकर पाटलांचं ‘टारफुला’. शेवटचा शिक्का ऑगस्ट २००९. मला धक्काच बसला. पट्टणकोडोलीचा लेखक, ज्याच्या कथा आम्ही शाळेत हसून हसून ऐकल्या, त्याची कादंबरी इतकी वर्षं कुणी घरी नेलेली नाही? १९६४ चं पुस्तक. गावचा पाटील जातो, वचक संपतो आणि गावात जो तो डोकं वर काढायला लागतो, त्याची गोष्ट. विनोदी लेखक म्हणून उघडाल तर हसू येईल, पण घशात अडकेल.

टारफुला म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, वडलांना विचारलं. म्हणाले, जोंधळ्याच्या मुळावर जगणारं तण. वरून फूल छान दिसतं, खालून पीक खातं. मग आठवलं, ‘तणकट’ही तणच. एका जिल्ह्यातल्या दोन कादंबऱ्या, दोघींची नावं रानातल्या तणावरून. हे मला कुठल्या यादीनं सांगितलं असतं?

पुस्तकाचा वास मात्र भयंकर आहे. पहिल्या वीस पानांत कसर लागलीय. वाचताना दर पानाला फुंकर मारतेय.

---

सनावळी | २ फेब्रुवारी, रात्री ८:००

‘टारफुला’ काढलंत, जियो! आमच्या वडिलांच्या पिढीला ते पाठ होतं.

---

तटस्थ | २ फेब्रुवारी, रात्री ९:२०

ताई, एक विचारतो. बारावी चिठ्ठी मीही लावून घेतली होती, कुणाला न सांगता. आयुष्यभर ‘खांडेकरी भाषा’ म्हणून मी ज्याला नाकं मुरडली ते ‘ययाति’ आणलं. भाषेबद्दलचं मत बदललेलं नाही. पण शर्मिष्ठेचे भाग येतात तिथं मी दोनदा पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. हे कुठल्या चिठ्ठीत बसतं?

---

फौंड्रीवाला | २ फेब्रुवारी, रात्री ११:४०

तटस्थ काका, ह्ये भेळीत बसतंय. या एकदा खासबागेत.

---

फौंड्रीवाला | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

पायरीवरच्या ताई, तुमच्या नादानं मी बी अकरावी घेतली. तुमच्या ग्रंथालयाचा मेंबर झालो, अनामत भरली, आज सुट्टी टाकून गेलो. म्हटलं सरळ ‘टारफुला’च मागावं. तर मावशी म्हणाल्या एका बाईंनी नेलंय, मुदत उलटून गेली, दंड चढतोय.

---

पायरीवरची | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:३५

अरे देवा. शेवटची चाळीस पानं राहिलीत, उद्या देते. पण दादा, तुम्हाला ते अकराव्या चिठ्ठीला चालणार नाही.

---

फौंड्रीवाला | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:३८

का वो?

---

पायरीवरची | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

आता त्याच्यावर माझा शिक्का आहे ना, जानेवारीचा.

---

चंदगडी | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:५२

खालचा खण, दादा. पाट मागून घ्या.